कवड्या म्हणून दाखवलेली मण्यार

मी कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले तेव्हा वर्धा अजून मध्य प्रदेशात होतं आणि आमच्या विभागात मी एकटीच बाई होते. प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती. तिला आम्ही म्युझियम म्हणायचो. भुसा भरलेला एक बिबट्या, घुबडांची एक जोडी, माकडाचा सांगाडा आणि भिंतीलगत काचेच्या कपाटांतून फॉर्मॅलिनच्या बरण्या. एरवी परीक्षेच्या आधी मुलं येऊन जायची, तेवढीच तिथं वर्दळ. पण त्या वर्षी विद्यापीठाकडून पत्र आलं की अशी संग्रहालयं लोकांसाठी उघडा, महिन्यातून एका रविवारी सोप्या भाषेत व्याख्यान ठेवा. आमच्या विभागप्रमुखांनी ते मनावर घेतलं.

पहिलं व्याख्यान पक्ष्यांवर झालं, दुसरं कपाशीवरच्या किडींवर. तिसरं सापांवर ठरलं. भादव्याचे दिवस होते. शेतात निंदण चाललेलं, आणि ज्या गावात त्या पावसाळ्यात साप चावला नाही असं गाव सापडणं कठीण. त्यामुळे लोक येणार हे नक्की होतं. नागपूरहून एक निवृत्त प्राध्यापक बोलायला येणार होते. विभागप्रमुखांनी मला शनिवारी सांगितलं, "बरण्यांवरची जुनी इंग्रजी लेबलं काढा. मोठ्या मराठी अक्षरांत चिठ्ठ्या लावा. शेवटच्या बाकावरच्या माणसाला वाचता आलं पाहिजे."

सापांच्या अकरा बरण्या होत्या. मी फॉर्मॅलिन बदललं, जुनी लेबलं भिजवून खरवडली, बरण्या पुसून खिडकीत वाळत ठेवल्या. चिठ्ठ्या लिहून झाल्या तेव्हा ऊन खिडकीतून सरकलं होतं, म्हणून मी बरण्या उचलून पलीकडच्या टेबलावर ठेवल्या, आणि खळ लावून एकामागून एक चिठ्ठ्या चिकटवत गेले. नाग, घोणस, धामण, दिवड ओळखायला काही लागत नाही. पण मण्यार आणि कवड्या हे दोघं सारख्याच बांध्याचे, दोघांच्या अंगावर आडवे पट्टे, आणि पंधरा-वीस वर्षं फॉर्मॅलिनमध्ये राहून दोघांचाही रंग उडून मातकट झालेला. एक असा विषारी की चावलेलं कळतसुद्धा नाही आणि माणूस जातो. दुसरा पालींवर जगणारा गरीब प्राणी. पाठीच्या कण्यावरचे खवले पाहिले असते तर शेंबड्या पोरालाही फरक कळला असता. मण्यारीचे ते खवले मोठे, षटकोनी असतात. हे मला येत होतं. परीक्षेत मी ते आकृतीसकट लिहिलं होतं. मी बरणीत पाहिलं नाही, एवढंच. मला वाटलं, टेबलावर हलवल्यावरही बरण्या खिडकीतल्याच क्रमानं आहेत.

रविवारी खोली भरून लोक जिन्यात उभे राहिले. नालवाडीकडचे, स्टेशनापलीकडचे, खेड्यांतून बैलगाड्या जुंपून आलेले. दाराशी एक वही ठेवली होती, येणाऱ्यानं नाव-गाव लिहायचं. प्राध्यापक सत्तरीचे होते, चष्मा जाड, आवाज मऊ. लोकांना ते लगेच आवडले. नाग हा देव नाही आणि वैरीही नाही, असं त्यांनी सांगितलं तेव्हा कोणी रागावलं नाही. मग त्यांनी एक बरणी उचलली, डोळ्यांजवळ नेऊन चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "हा कवड्या. घराच्या धाब्यात, लाकडांच्या ढिगात असतो. मण्यार समजून लोक याला ठेचतात. नीट पाहून घ्या, काळपट अंग, त्यावर बारीक पांढरे पट्टे, जोडीजोडीनं. याला विष नाही. दिसला तर मारू नका, हातानं उचलून बाहेर सोडून द्या."

बरणी हातोहात फिरली. बायकांनी पदर सावरून ती धरली, म्हाताऱ्यांनी उजेडासमोर फिरवून पाहिली.

दुसऱ्या ओळीत पांढरी टोपी घातलेला एक सडपातळ माणूस वहीत भराभर लिहून घेत होता. तो उठला. "मी मास्तर आहे जी, वडनेरच्या पुढच्या गावचा. तुमाले जित्ता कवड्या पाह्यजे का? आमच्या शाळेच्या लाकडाईत निंघतात."

प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. मी उभी राहिले आणि अगदी उत्साहात म्हणाले की आमचा नमुना जुना झालाय, रंग उडालाय, कोणाला असा कवड्या मिळाला तर मडक्यात घालून जरूर आणून द्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी जाताना मला वाटत होतं की आज आपल्या हातून काहीतरी चांगलं झालं.

सोमवारी सकाळी बरण्या परत कपाटात लावायचं काम आमच्या प्रयोगशाळेच्या शिपायाचं. ते कारंज्याकडच्या जंगलपट्टीतले गोंड, पन्नाशीचे. घरी बायको-मुलांशी ते गोंडीत बोलायचे, आमच्याशी वऱ्हाडीत. आमच्या कपाटातले निम्मे साप त्यांनीच कधीकाळी पकडलेले. मी त्यांना भाऊ म्हणायची. रविवारी ते खाली सायकली आणि बैलगाड्या बघत होते. व्याख्यान त्यांनी ऐकलंच नव्हतं.

ते हातात बरणी घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "बाई, या चिठ्ठीवर काय लिवलं आहे?"

"कवड्या."

"अन् त्या दुसऱ्यावर?"

"मण्यार. का हो भाऊ?"

त्यांनी बरणी माझ्यासमोर ठेवली. "हे तर मन्यार आहे. मीच धरली होती, विहिरीपाशी."

मी वाकून पाहिलं. पाठीच्या मधोमध एका रांगेत मोठे खवले, ठसठशीत. बोट काचेवर टेकवून मोजता आले असते.

"काल हे लोकाईले दाखवलं का?" त्यांनी विचारलं.

"दाखवलं. हातानं उचला म्हणून सांगितलं."

बरणी उचलून त्यांनी खिडकीत ठेवली आणि तिथेच उभे राहिले.

विभागप्रमुखांचा तास संपेपर्यंत मी त्यांच्या दाराबाहेर उभी होते. ते वाईट माणूस नव्हते, पण घाबरट होते. मी सांगितलं तेव्हा आधी त्यांनी दार लावून घेतलं.

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला आणि भाऊंना."

"ठीक. चिठ्ठ्या बदलून टाका. लोक काय, तमाशा बघायला येतात तसे आले होते. पट्टे कोण लक्षात ठेवतो?"

"सर, ते मास्तर लिहून घेत होते."

ते बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. मग म्हणाले, "कार्ड टाका सगळ्यांना. पण चूक वगैरे शब्द नकोत. 'अधिक माहिती' असं लिहा. विद्यापीठाला कळलं तर ही व्याख्यानं बंद होतील, आणि तुमचं काय होईल ते मी सांगायला नको."

मी वही आणि पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन बसले. पहिल्या कार्डावर 'अधिक माहिती' लिहिलं आणि पुढे शब्द सुचेना. अधिक माहिती वाचून कोणी का घाबरेल? कोणी हात का मागे घेईल? ते कार्ड मी फाडलं. नव्यावर लिहिलं: 'रविवारी कवड्या म्हणून दाखवलेला साप ही विषारी मण्यार होती. चिठ्ठ्या लावताना माझ्याकडून अदलाबदल झाली. पट्ट्यांचा कोणताही साप हातात धरू नका. घरच्यांना, शेजाऱ्यांना सांगा.' खाली माझी सही केली. भाऊ शेजारी बसून शाई टिपत होते. ज्यांचं गाव जवळ होतं त्यांची कार्डं त्यांनी बाजूला काढली. सायकलवरून हातोहात देता येतील म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत त्यातली बरीचशी देऊनही आले.

वडनेरच्या मास्तरांचं नाव वहीच्या चौथ्या पानावर होतं. अक्षर वळणदार, प्रत्येक शब्दावर रेघ. पत्ता लिहिताना मी दिवस मोजले. कार्ड पोचायला दोन दिवस, कदाचित तीन. आणि हा माणूस 'जित्ता आणून देतो' म्हणाला होता, मी त्याला आणा म्हटलं होतं.

हिंगणघाटची गाडी तोवर निघून गेली होती. मंगळवारी सकाळच्या गाडीत मी आणि भाऊ बसलो. विभागप्रमुखांना विचारलं नाही. आईला सांगितलं की कॉलेजचं काम आहे. तेही खरंच होतं म्हणा.

गाडी वाटेत एका स्टेशनावर उगीचच उभी राहिली. मी सारखी खिडकीतून इंजिनाकडे बघत होते. भाऊंना विचारलं, "मण्यार दिवसा चावते का?"

"दिवसा सुस्त राह्यते. डोस्कं अंगाखाली घालून गोळा होऊन बसते. हातात घेतली तरी गप." ते माझ्याकडे वळले. "म्हनूनच तर भेव आहे, बाई. मानसाले वाटते, गरीब आहे."

हिंगणघाटहून सर्व्हिस मोटारीनं वडनेर, आणि तिथून पायी. काळ्या मातीचा रस्ता, चिखल चपलांना असा धरायचा की पाऊल उचललं की चप्पल मागे. शेवटी मी त्या हातात घेतल्या. दोन्हीकडे कपाशी, मध्ये एक नाला, पोटरीभर पाणी. भाऊ पुढे चालत होते, मागे वळून बघत नव्हते. मी मनात एकच वाक्य घोळवत होते: त्यांना सापडलाच नसेल. त्यांना सापडलाच नसेल.

शाळा म्हणजे गावाच्या तोंडाशी एकच खोली, पुढे पडवी. आतून मुलांचा गलका येत नव्हता, आणि त्या शांततेनंच मी घाबरले. दारातून पाहिलं. तीसेक मुलं ओळीत उभी होती. पुढे मास्तर, दोन्ही हातांची ओंजळ छातीसमोर धरून. ओंजळीत काळंभोर, चकचकीत वेटोळं. त्यावर दुधासारखे बारीक पांढरे पट्टे, जोडीजोडीनं. जिवंतपणी ती इतकी सुंदर असते हे मला माहीत नव्हतं. एक आठेक वर्षांची मुलगी एका बोटानं ते वेटोळं कुरवाळत होती.

"हळू हात लाव," मास्तर तिला सांगत होते. "भेऊ नको. याले ईख नाई."

किंचाळावंसं वाटलं. भाऊंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. आजवर त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही पोट्ट्याईले बाहेर काढा. आवाज नोका चढवू."

मी वर्गात शिकवताना वापरते तो आवाज काढला. कसा निघाला कोण जाणे. "नमस्कार मास्तर. मुलांनो, मी वर्ध्याच्या कॉलेजातून आले. चला बरं, सगळ्यांनी बाहेर पडवीत ओळ करायची. कोण पहिलं?"

मास्तरांचा चेहरा उजळला. "बाई! तुम्ही खुद्द आल्या? मी तर उद्या आनूनच देनार होतो." ते ओंजळ पुढे करून माझ्याकडे दोन पावलं आले.

"मास्तर, तिथेच थांबा," मी म्हणाले.

कुरवाळणाऱ्या मुलीचा दंड धरून मी तिला मागे घेतलं. मुलं बाहेर पडली. भाऊ मास्तरांच्या समोर जाऊन उकिडवे बसले. "मास्तर, मी सांगतो तसं करा. हात हालवू नोका. हळूच खाली बसा. आनखी. बस. आता ते मडकं कुठी आहे?"

"त्या कोन्यात. काऊन, काय झालं?"

"मंग सांगतो."

भाऊंनी मडकं आडवं करून त्यांच्या ओंजळीला भिडवलं. मास्तरांनी ओंजळ तिरपी केली. वेटोळं सुटलं, डोकं बाहेर आलं, मास्तरांच्या अंगठ्यावरून जीभ फिरली. मग ते अंधाराकडे वळलं आणि सरसर आत गेलं. भाऊंनी मडक्यावर फडकं दाबून दोरी आवळली.

तेव्हा मी सांगितलं. उभ्याउभ्याच, एका दमात. मास्तरांनी आपले दोन्ही तळहात उघडून पाहिले.

"कालपासून आहे वर्गात," ते म्हणाले. "काल बी हात लावला लेकराईनं. माह्या पोरानं बी."

मग आम्ही तिघांनी एकेका मुलाला उजेडात उभं करून हात तपासले. बोटं, मनगटं, कोपरापर्यंत. ओरखडे सगळ्यांनाच होते, काटे, खरजेच्या पुळ्या, विळ्याचे कापे. मण्यारीचा दात सुईसारखा असतो. काय शोधायचं होतं आम्हाला? भाऊ प्रत्येकाला विचारत होते, "चक्कर येऊन राह्यली का? डोळे जड वाटतात का? पोट दुखते का?"

सगळी नाही नाही म्हणाली. मग ती आठ वर्षांची मुलगी आली आणि म्हणाली, "माह्यं पोट दुखून राह्यलं."

"कवापासून?"

"मघापासून. मोठ्यानं दुखते."

मण्यार चावली की आधी पोटच दुखतं. हे मला माहीत होतं, भाऊंना माहीत होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

तिची आई शेतात निंदायला गेली होती. तिला बोलावून आणलं. तोवर मास्तरांनी बैलगाडी जुंपवली. आई धावत आली, हात मातीनं भरलेले, आणि मुलीला गाडीत उचलून घेऊन बसली. काय झालंय हे आईला मीच सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हनजे तुमाले बाटलीत ठेवाले साप पाह्यजे होता," ती म्हणाली, "त्याच्यापाई माही पोरगी?"

मी तिच्यासमोर गाडीत बसले आणि गाडी निघाली. मास्तर गाडीमागून पायी चालत होते. गाडीत जागा होती, पण त्यांना कोणी बस म्हटलं नाही, आणि तेही बसले नाहीत. भाऊ गावातच राहिले. बाकीच्या मुलांवर लक्ष ठेवायला कोणीतरी हवं होतं.

वडनेरला एक लॉरी मिळाली. हिंगणघाटच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मुलीचं पोट दाबून पाहिलं, नाडी पाहिली, हात बारकाईनं तपासले. मला बाहेर घेऊन म्हणाले, "लस आहे माझ्याजवळ. पण ती घोड्याच्या रक्तातून काढलेली असते. एवढ्या पोरीला विनाकारण दिली तर तीच उलटू शकते. विष असेल तर आधी पापण्या पडायला लागतील. तोवर थांबू."

"आणि थांबण्यात उशीर झाला तर?"

"म्हणूनच मी इथून हलणार नाही," ते म्हणाले.

आम्ही तिच्या पापण्यांकडे बघत बसलो. मी आयुष्यात कशाकडे इतकं टक लावून पाहिलं नाही. दर थोड्या वेळानं डॉक्टर तिला वर बघायला सांगत, जीभ काढायला सांगत, एक ते वीस आकडे म्हणायला लावत. ती म्हणायची. एकदा अठरा गाळला. मी डॉक्टरांकडे पाहिलं. मास्तर दारातून म्हणाले, "तिले अठरा कधीच नाई येत जी. वर्गात बी गाळते."

दिवेलागणीला तिच्या पापण्या मिटायला लागल्या.

आईनं तिला हलवलं. तिनं डोळे उघडले, परत मिटले. डॉक्टरांनी कंदील जवळ आणायला सांगितला. "वर बघ. माझ्याकडे बघ. जीभ काढ." मुलगी हूं की चूं करेना. त्यांनी सिरिंज उकळायला ठेवायला सांगितली आणि तिच्या दंडाला जोरात चिमटा काढला. तशी ती खाडकन उठून बसली, डॉक्टरांना लांबलचक जीभ काढून दाखवली, आणि भोकाड पसरलं. "मले झोपू देत नाई! मले भूक लागली!"

डॉक्टर स्टुलावर बसले आणि पहिल्यांदा हसले. त्यांनी तिला विचारलं, आज सकाळपासून काय काय खाल्लंस? ती रडत रडतच म्हणाली, जाम. पेरूला आमच्याकडे जाम म्हणतात. शाळेमागच्या झाडावरचे हिरवे कच्चे जाम तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं ओटीभर खाल्ले होते. मैत्रिणीचंही दुखत होतं, पण तिनं मार बसेल म्हणून सांगितलं नव्हतं.

तरीही डॉक्टरांनी सकाळपर्यंत ठेवून घेतलं. सकाळी ती टुणटुणीत होती. भाऊ पहिल्या मोटारीनं आले, बाकी सगळी मुलं ठीक आहेत म्हणाले. रात्री गावकऱ्यांनी मडकं शाळेसमोर आणून काठ्यांनी फोडलं होतं. मग शाळेची सगळी लाकडं उपसली. तिथे त्यांना एक धामण आणि दोन खरेखुरे कवडे सापडले. तेही मारले.

निघताना मी मुलीच्या आईसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, चूक मास्तरांची नव्हती, माझी होती. ती मुलीच्या केसांतली गुंतवळ काढत होती. "ठीक आहे," ती म्हणाली. "पन तुम्ही वर्ध्यात राह्यता. ते आमच्या गावात राह्यतात."

वर्ध्याला परतले तेव्हा विभागप्रमुखांच्या टेबलावर माझं एक कार्ड पडलेलं होतं. कोणीतरी आणून दिलं असावं. ते खूप रागावले. कॉलेजच्या कार्डावर सही करून चूक कबूल करायची मला परवानगी कोणी दिली, असं विचारलं. आता विद्यापीठाचं पत्र येईल, मग पाहू म्हणाले. मी रोज टपालाची वाट पाहायची, आणि ते येऊ नये असंही वाटायचं. पत्र आलं ते विद्यापीठाचं नव्हतं, त्या वृद्ध प्राध्यापकांचं. त्यांनाही मी कार्ड टाकलं होतं. त्यांनी विभागप्रमुखांना लिहिलं की पुढच्या महिन्यात ते स्वतःहून येतील, विषय तोच ठेवावा.

ते आले. या वेळी खोली अर्धीच भरली. सुरुवातीलाच त्यांनी दोन्ही बरण्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "मागच्या वेळी मी चिठ्ठी वाचली. साप पाहिला नाही. चाळीस वर्षं शिकवून माझ्याकडून हे झालं. चिठ्ठी लावणाऱ्या मुलीनं ती चुकवली असेल, पण तुमच्या हातात बरणी मी दिली." माझ्याबद्दल ते एवढंच बोलले. मागच्या ओळीतून कोणीतरी म्हणालं, "मंग आता खरं कोनतं मानाचं?" लोक हसले, पण ते हसणं काही बरं नव्हतं. प्राध्यापकांनी तो प्रश्न टाळला नाही. प्रत्येकाला जवळ बोलावून, बरणी उजेडात धरून, पाठीचे खवले दाखवत ते संध्याकाळपर्यंत बसले. माझी नोकरी राहिली. विभागप्रमुख त्यानंतर मला कामापुरतंच बोलत.

मी भाऊंना म्हटलं होतं की पुढच्या वेळी तुम्हीच लोकांना सांगा, तुमच्याइतकं कोणाला येतं? ते म्हणाले, "मले लोकाईसमोर नाई जमत बाई. तुमाले शिकवतो, तुम्ही सांगजा." आणि त्यांनी शिकवलं. मेलेल्या मण्यारीच्या पाठीवरून डोळे मिटून बोट फिरवायला लावलं, फरक बोटाला कळेपर्यंत.

मास्तरांना मी दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही. मग संक्रांतीच्या सुमारास एका दुपारी ते स्वतःच प्रयोगशाळेच्या दारात उभे. गावच्या लोकांनी वर अर्ज केला होता, मास्तर पोरांच्या हातात मण्यार देतो म्हणून. त्यांची बदली समुद्रपूरकडच्या एका खेड्यात झाली होती. त्यांनी माझ्याकडून एक कागद मागितला, चूक माझी होती असा. मी लिहून दिला, सही केली. त्यांनी तो वाचला, घडी करून खिशात ठेवला.

"कोणाला दाखवाल?" मी विचारलं.

"कोनाले नाई. बायकोले दाखवीन. तिले वाटते, मी येडा आहो."

मी माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हात वर करून थांबवलं. "पोट्टी ठीक राह्यली ना बाई. बस झालं." पण त्यांच्या चेहऱ्यावर ते बस झालेलं नव्हतं, हे मला दिसत होतं. माझ्याकडे बघायचं सोडून ते बिबट्याकडे बघत बोलत होते.

त्यांना गाडी गाठायची होती. मी स्टेशनापर्यंत सोबत गेले. वाटेत आम्ही फारसं बोललो नाही. नवी शाळा कशी आहे विचारलं तर म्हणाले, देवळात भरते, वर वटवाघळं लटकलेली असतात, मुलं भितात. मग थोडं चालल्यावर, जरा अडखळत, म्हणाले, "बाई, एक इचारू? वटवाघूळ एका येळेले किती पिल्लं देते? एक, का जास्त? लेकराईनं इचारलं होतं. मले नाई सांगता आलं."

एकच, असं माझ्या तोंडाशी आलं होतं. बहुतेक एकच. कुठेतरी वाचलं होतं.

"मला नक्की माहीत नाही," मी म्हणाले. "पाहून कळवते."

त्यांनी मान हलवली आणि डब्यात चढले. गाडी हलल्यावर मी लायब्ररीत गेले. तिथे दोन पुस्तकं चाळली, आणि देवळातली वटवाघळं कोणत्या जातीची असतील ते भाऊंना विचारलं. चार दिवसांनी मास्तरांना दोन पानी पत्र लिहिलं. या वेळी त्यांचं उत्तर आलं. त्यात आणखी तीन प्रश्न होते.